शीतप्रदेशातील सागरी सहल : प्रवासक्रमाची निवड कशी करावी?

प्रवास आपल्या समाजास नवा नाही. सम्मेदशिखर, गिरनार, श्रवणबेळगोळ ह्या क्षेत्रांच्या निमित्ताने आपले पूर्वज बैलगाडीच्या काळातही शेकडो कोस हिंडले आणि मालाच्या निमित्ताने त्यांनी घाट उतरून कोकणातील बंदरे पाहिली. परंतु गेल्या काही वर्षांत बेळगाव, निपाणी, चिकोडी ह्या भागांतील आपल्या सभासदांच्या घरी एका निराळ्याच प्रवासाची चर्चा होऊ लागली आहे. अलास्काच्या हिमनद्या किंवा नॉर्वेच्या खाड्या जहाजातून पाहण्याचा हा प्रवास होय. मुलगा सिअॅटलला किंवा टोरांटोला नोकरीस असतो. आईवडिलांना एकदा थंड हवेचा समुद्र दाखवावा, असे त्याच्या मनात येते, तिकिटे निघतात आणि मंडळी निघतात. कोणत्या बंदरातून निघावे, कोणत्या महिन्यात निघावे, कोणत्या मार्गाने जावे, ह्याचा विचार मात्र क्वचितच कोणी केलेला असतो.

माल घेताना आपण पोत्यावरचा छाप पाहून सौदा करीत नाही. पोत्यात सळई घालतो, मुठीत दाणे घेतो, दाताखाली एखादा फोडून पाहतो, मगच भाव बोलतो. सागरी सहलीच्या बाबतीत जहाजाचे नाव आणि रंगीत चित्रे हा छाप आहे. बंदरांची यादी, तेथील मुक्कामाचे तास, महिना आणि सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा हा खरा नमुना आहे. तो कसा तपासावा, एवढेच ह्या लेखात सांगावयाचे आहे.

आपली ओळखीची आगबोट

क्रूझ म्हणजे काय, हे आपल्या भागातील वडीलधाऱ्यांना समजावणे अवघड नाही. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी कोकणची आगबोट दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत गोव्याकडे जाई. रेल्वे येण्यापूर्वी बेळगावचा कितीतरी माल घाट उतरून वेंगुर्ल्यासच पोहोचत असे. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत ही वाहतूक बंद पडत गेली. तथापि पडावात उतरून बोट गाठणारे प्रवासी ज्यांनी पाहिले, असे वृद्ध आजही आपल्यात आहेत.

नॉर्वेत अशीच किनारी आगबोट १८९३ साली सुरू झाली आणि ती अद्याप चालू आहे. बर्गेनपासून किर्कनेसपर्यंत ३४ बंदरे घेत ती जाते व सुमारे १२ दिवसांत परत येते. टपाल, माल व गावकरी ह्यांच्याबरोबरच तीत प्रवासीही असतात. ह्याच्या उलट मोठे क्रूझ जहाज हे तरंगते विश्रामगृहच होय. ते सात-आठ दिवसांत तीनचार बंदरे घेते आणि उरलेला वेळ समुद्रावर किंवा हिमनदीसमोर घालविते. लोकांची राहणी व गावे पाहण्याची हौस असेल, त्याने किनारी बोट पाहावी. घरातील तीन पिढ्या एकत्र जाणार असतील व विश्रांती हवी असेल, तर मोठे जहाज सोयीचे.

निघण्याचे बंदर आणि परवाने

अलास्का हा प्रदेश अमेरिकेने १८६७ साली रशियाकडून ७२ लाख डॉलरांस विकत घेतला व १९५९ साली त्यास राज्याचा दर्जा मिळाला. तेथे जाणारी बहुतेक जहाजे अमेरिकेतील सिअॅटल किंवा कॅनडातील व्हँकूव्हर येथून सुटतात. ह्या दोहोंतील फरक जाहिरातीत दिसत नाही, पण महत्त्वाचा आहे.

व्हँकूव्हरहून निघणारे जहाज सामान्यतः व्हँकूव्हर बेट व मुख्य भूमी ह्यांच्या मधून, दोन्ही बाजूंस किनारा ठेवून जाते. तेथे पाणी पुष्कळ शांत असते. सिअॅटलहून निघणारी कित्येक जहाजे बेटाच्या पश्चिमेने उघड्या महासागरातून जातात व तेथे लाटा अधिक लागतात. ज्यांना आंबोलीचा घाट चढतानाही मळमळते, त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. खोलीही जहाजाच्या मध्यभागी व खालच्या मजल्यावर घ्यावी. तेथे हेलकावे कमी जाणवतात आणि भाडेही बहुधा कमी असते.

दुसरा मुद्दा परवान्यांचा. परदेशी नोंदणीच्या जहाजाने अमेरिकेच्या एका बंदरातून प्रवासी घेऊन मध्ये परदेशी बंदर न घेता अमेरिकेच्याच बंदरात उतरवू नयेत, असा त्या देशाचा १८८६ सालचा कायदा आहे. मोठी क्रूझ जहाजे बहुतेक परदेशी नोंदणीचीच असतात. म्हणून सिअॅटलहून निघून सिअॅटलला परतणारे जहाज वाटेत कॅनडाच्या व्हिक्टोरिया बंदरास बहुधा थांबते. अर्थात् भारतीय पारपत्रधारकास दोन्ही मार्गांत अमेरिका व कॅनडा ह्या दोन्ही देशांचे व्हिसा लागतात. ‘सिअॅटलहून जातो, म्हणजे कॅनडाची गरज नाही’ हा समज चुकीचा आहे.

नॉर्वेसाठी शेंगेन व्हिसा लागतो. जहाज जर्मनीतून निघून नॉर्वेस जाऊन परतणार असेल, तर तेवढ्यावर भागते. परंतु ते इंग्लंडहून निघत असेल किंवा वाटेत स्कॉटलंडचे बंदर घेत असेल, तर ब्रिटनचा निराळा व्हिसा आणि शेंगेनमध्ये एकाहून अधिक वेळा प्रवेशाची मुभा, ही दोन्ही पाहावी लागतात. उत्तरेकडील स्वालबार्ड बेटे नॉर्वेची असूनही शेंगेनच्या बाहेर आहेत. तेथे जाऊन परत येणे म्हणजे पुन्हा प्रवेश करणे होय. अमेरिकेच्या व्हिसाच्या मुलाखतीस कधी कधी कित्येक महिने थांबावे लागते. म्हणून पैसे भरण्याआधी परवान्यांचा हिशोब करावा. हुंडी वटेल की नाही हे न पाहता माल गाडीत भरणारा व्यापारी आपल्या पेठेत टिकत नाही.

बर्फ कोठे पाहावा

अलास्कास जाण्याचे मुख्य कारण म्हणजे समुद्रात उतरणाऱ्या हिमनद्या. कोणती हिमनदी पाहावयाची, हे प्रवासक्रमात नावानिशी लिहिलेले असते. ते नाव वाचून मगच पैसे द्यावेत.

ग्लेशियर बे हे राष्ट्रीय उद्यान आहे आणि तेथे एका दिवशी दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना प्रवेश मिळतो. उद्यानाचे अधिकारी जहाजावर येऊन माहिती सांगतात. प्रवासी खाली उतरत नाहीत, सारे दृश्य जहाजाच्या सज्जातून पाहावयाचे असते. म्हणून वृद्धांना हे ठिकाण फार सोयीचे आहे. सुमारे १७५० साली ही संपूर्ण खाडी बर्फाने भरलेली होती. १८७९ साली जॉन म्यूर हा निसर्गप्रेमी गृहस्थ तेथे गेला, तेव्हा बर्फ ४० मैलांहून अधिक मागे हटला होता. आज तो सुमारे ६५ मैल मागे आहे. हबर्ड ही दुसरी प्रचंड हिमनदी, सुमारे १२२ किलोमीटर लांबीची. व्हँकूव्हरहून उत्तरेस सीवर्ड किंवा व्हिटियरपर्यंत एकेरी जाणाऱ्या जहाजांच्या क्रमात ती पुष्कळदा असते. ट्रेसी आर्म ही तिसरी जागा. १० ऑगस्ट २०२५ रोजी तेथे मोठी दरड कोसळून प्रचंड लाट उसळली. त्यानंतर अनेक कंपन्यांनी तिच्याऐवजी शेजारच्या एंडिकॉट आर्मची निवड केली. तेव्हा जुन्या पत्रकावर विसंबू नये.

नॉर्वेच्या खाड्यांचे सौंदर्य निराळे आहे. तेथे समुद्रात उतरणारा बर्फ शोधू नये. उभे कडे, धबधबे व आत खोलवर गेलेले शांत पाणी पाहावे. सोन्ये ही खाडी दोनशे किलोमीटरांहून अधिक आत गेली आहे. गेइरांगेर व नेरॉय ह्या खाड्या २००५ साली जागतिक वारशात आल्या.

गावांतही पाहण्याजोगे आहे

स्कॅगवे हे अलास्कातील लहानसे गाव १८९७-९८ च्या सोन्याच्या गर्दीत वाढले. सोने कॅनडाच्या हद्दीत, क्लोंडाइक भागात होते. वर्षभर पुरेल एवढी शिधासामग्री बरोबर असल्याशिवाय कोणास सरहद्द ओलांडू द्यावयाची नाही, असा दंडक तेथील पोलिसांनी घातला. इतर सामानासह हे ओझे माणशी सुमारे एक टन भरे. सोने थोड्यांच्याच हाती लागले. पीठ, कडधान्य व कपडे विकणाऱ्या सिअॅटलच्या पेढ्या मात्र भरभराटीस आल्या. धान्याच्या व्यापाऱ्यास ही हकीकत तेथील डोंगराइतकीच पाहण्याजोगी वाटेल.

नॉर्वेतील बर्गेनची गोष्टही आपल्या धंद्याची आहे. चौदाव्या शतकात जर्मन हॅन्सा संघाच्या व्यापाऱ्यांनी तेथे वखारी घातल्या. उत्तरेकडील कोळ्यांना धान्य उधारीवर द्यावयाचे व मोसमात त्यांची सुकी मासळी घ्यावयाची, असा त्यांचा क्रम होता. मासळीचा व्यवहार आपल्या आचारात बसणारा नव्हे, परंतु उचल देऊन हंगामात वसुली करण्याची ती रीत वाचताना आपल्याच पेठेतील जुन्या चोपड्या उघडल्यासारखे वाटते. त्या वखारींची लाकडी घरे ब्रिग्गेन ह्या धक्क्यावर आहेत.

ज्यांचे गुडघे चालू देत नाहीत, त्यांच्यासाठी दोन रेल्वे आहेत. स्कॅगवेची व्हाइट पास रेल्वे १९०० साली पूर्ण झाली. ती सुमारे ३२ किलोमीटरांत ८७० मीटर चढते. नॉर्वेतील फ्लॉमची रेल्वे तेवढीच उंची २० किलोमीटरांत गाठते. कॅसलरॉकहून कुळ्यापर्यंतचा घाट ज्यांनी गाडीतून पाहिला आहे, त्यांना ह्या प्रवासाचा आनंद वेगळा सांगावयास नको.

तासांचा हिशोब

‘चार बंदरे’ असा आकडा पाहून भुलू नये. समजा, एका क्रमात जूनो साडेआठ तास, स्कॅगवे तेरा तास, केचिकन सहा तास आणि व्हिक्टोरिया रात्री आठ ते बारा असे चार तास आहेत. एकूण साडेएकतीस तास झाले. दुसऱ्या क्रमात तीनच बंदरे, प्रत्येकी दहा तास, म्हणजे एकूण तीस. वरवर पाहता पहिला क्रम सरस. परंतु प्रत्येक बंदरी उतरण्यास अर्धा तास व सुटण्यापूर्वी अर्धा तास वजा करावा लागतो, आणि रात्रीचे व्हिक्टोरिया वृद्धांच्या उपयोगाचे नाही. ते सोडता पहिल्यात साडेचोवीस तास उरतात, दुसऱ्यात सत्तावीस. कटती धरल्यावाचून वजन कळत नाही, हे आपणांस कोणी शिकवावयास नको.

त्याच दिवशी बंदरात आणखी किती जहाजे असतील, हेही पाहावे. जूनो ही अलास्काची राजधानी, लोकवस्ती सुमारे ३२ हजार. बाहेरच्या जगाशी तिला जोडणारा रस्ताच नाही. तेथे गर्दी इतकी होऊ लागली, की २०२४ पासून दिवसाला पाचच मोठ्या जहाजांची मर्यादा घालावी लागली. शिवाय जहाज धक्क्याला लागते की पाण्यात नांगर टाकून लहान बोटीने प्रवासी उतरविते, हे विचारावे. गेइरांगेरसारख्या ठिकाणी कित्येकदा दुसरा प्रकार असतो. तो म्हणजे आपला पडावच, आणि हलत्या बोटीत पाय टाकणे साठीनंतर सोपे नसते.

महिना, सूर्य आणि व्रत

अलास्काचा मोसम साधारण एप्रिलअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत असतो. आपल्या कोकणची आगबोट पावसाळ्यात बंद होई, तेव्हाच तेथील जहाजांची लगबग चाललेली असते. मे महिना तेथे तुलनेने कोरडा, तर सप्टेंबर-ऑक्टोबर सर्वांत ओले. तथापि ‘कोरडा’ ह्या शब्दावर फार भरवसा ठेवू नये. केचिकनला वर्षाकाठी सुमारे ३,८०० मिलिमीटर पाऊस पडतो. मेअखेरीस जूनोला दिवसाचे तापमान १३-१४ अंश असते, म्हणजे बेळगावची पौषातील पहाट दिवसभर टिकली असे समजावे. लोकरीच्या कपड्यांवर पाण्यापासून बचाव करणारा अंगरखा हवाच.

आपल्या पेठेच्या दृष्टीने रब्बीची आवक वैशाखात ओसरते आणि खरिपाची दसऱ्यापर्यंत येत नाही. म्हणून मेअखेर ते जून हा काळ सवडीचा. आषाढ शुद्ध चतुर्दशीस चातुर्मास लागतो, तेव्हा साधुजन एका ठिकाणी स्थिर होतात. अनेक श्रावकही त्या काळात दूरचा प्रवास टाळतात. पुढे भाद्रपदात पर्युषण येते. ज्यांनी दिग्व्रत घेऊन दिशांची मर्यादा बांधून घेतली आहे, त्यांनी तर नकाशा उघडण्याआधी आपले व्रत आठवावे.

सर्वांत नाजूक प्रश्न रात्रिभोजन-त्यागाचा. आमचे थोरले बंधू पंचाहत्तरी ओलांडलेले आहेत. चाळीसहून अधिक वर्षे त्यांनी सूर्यास्तानंतर अन्न घेतलेले नाही. घरातील तरुण मंडळींनी जूनमध्ये नॉर्वेच्या उत्तर टोकास जाण्याचा बेत मांडला, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारले, “जेथे सूर्य मावळतच नाही, तेथे मी माझे व्रत कशावर मोजू?” प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्यांना घरी ठेवून जाणे कोणासच मान्य नव्हते आणि त्यांचे व्रत मोडून त्यांना नेणे तर त्याहून नाही.

मग आम्ही सूर्याचे वेळापत्रकच पुढे घेतले. नॉर्थ केपला साधारण १४ मे ते २९ जुलै आणि ट्रोम्सो येथे २० मे ते २२ जुलै सूर्य क्षितिजाखाली जात नाही. उलट हिवाळ्यात ध्रुवप्रकाश पाहण्यासाठी ट्रोम्सोस गेल्यास २७ नोव्हेंबर ते १५ जानेवारीच्या सुमारास सूर्य उगवतच नाही. सूर्योदयानंतर दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे, गेल्यावर मुखात पाणी घेणाऱ्याने तेथे काय करावे? परंतु ध्रुववृत्ताच्या दक्षिणेस प्रश्न सुटतो. बर्गेनला २१ जूनलाही सूर्य रात्री अकराच्या सुमारास मावळतो. जूनोला मेअखेरीस तो पावणेदहाच्या सुमारास मावळतो व पहाटे चारच्या सुमारास उगवतो. तेथे दिवस मोठा असतो एवढेच, दिवस आणि रात्र ही मर्यादा शिल्लक राहते.

म्हणून आम्ही अलास्का निवडले, व्हँकूव्हरहून, मेच्या शेवटच्या आठवड्यात. बंधू रोज सायंकाळी सहाला जेवून उठत. बाहेर लख्ख ऊन असे. कोणी आग्रह केला, की ते म्हणत, “सूर्य थांबला आहे म्हणून आपण जेवत बसावे, हे व्रत नव्हे, पळवाट होय.” ह्या बाबतीत प्रत्येकाने आपल्या गुरुजनांस विचारून निर्णय घ्यावा. मात्र तो तिकीट काढण्याआधी घ्यावा, जहाजावर चढल्यावर नव्हे.

अन्न आणि खर्च

‘शाकाहारी’ हा शब्द पश्चिमेकडे सैल आहे. सूपात मासळीचा अर्क, गोड पदार्थात जिलेटिन, केकमध्ये अंडे असू शकते. म्हणून कांदा, लसूण, बटाटा व इतर कंदमुळे, अंडे, जिलेटिन ही वर्ज्य पदार्थांची यादी स्पष्ट शब्दांत लिहून कंपनीस महिना-दोन महिने आधी पाठवावी, लेखी उत्तर घ्यावे आणि पहिल्याच दिवशी भोजनगृहाच्या प्रमुखास ते दाखवावे. जेवणाची पहिली पाळी मागून घ्यावी. खोलीत शेगडी, विजेची किटली अशी उष्णता देणारी साधने नेण्यास बहुतेक जहाजांवर मनाई असते. खाकरा, दशमी, भाजणीचे पीठ, चटण्या असा कोरडा शिधा न्यावा. ताजी फळे, भाज्या व बियाणे नेऊ नयेत. जे न्याल, ते जकातीच्या अधिकाऱ्यास न चुकता सांगावे.

जाहिरातीतील भाडे माणशी असते आणि एका खोलीत दोघे धरून सांगितलेले असते. एकट्या प्रवाशास पुष्कळदा जवळजवळ दुप्पट पडते. त्यावर बंदरकर, नोकरवर्गाची रोजची बक्षिसी, किनाऱ्यावरील सहली, विमानभाडे, व्हिसा आणि विमा हे सारे निराळे. भाव आणि पडतळ ह्यांतला फरक आपण जाणतोच. हमाली, तोलाई, अडत धरल्याशिवाय पडतळ निघत नाही. विम्यात आजारी माणसास जहाजावरून हलविण्याचा खर्च असावाच. परदेशी सहलीच्या पॅकेजवर आयकरापोटी टीसीएस आगाऊ घेतला जातो. तो विवरणपत्रात वळता करून घ्यावा. हवामानामुळे एखादे बंदर गाळण्याचा अधिकार कंपनीस करारानेच असतो, हेही आधी वाचून ठेवावे.

दुकान दूरध्वनीवर चालविण्याची ज्यांना सवय आहे, त्यांच्यासाठी एक सूचना. नॉर्वेचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्याहून साडेतीन तास मागे असते, अलास्काचे साडेतेरा तास. तेथे सकाळचे आठ वाजतात, तेव्हा बेळगावात रात्रीचे साडेनऊ वाजून पेढ्यांना कुलपे लागलेली असतात. ज्यास धंद्याचा विसर पडावा असे वाटते, त्याने अलास्कास जावे.

सारांश, क्रम असा असावा. प्रथम घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीचे व्रत व प्रकृती पाहावी. मग महिना ठरवावा, मग बंदर व परवाने, मग हिमनदी किंवा खाडी, मग मुक्कामाचे तास, आणि सर्वांत शेवटी जहाज व भाडे. बहुतेक लोक ही यादी उलट्या टोकाकडून वाचतात आणि मग घरातील वडीलधारी माणसे ‘आम्हांस कशाला, तुम्ही जाऊन या’ असे म्हणून मागे राहतात. त्यांना बरोबर नेता येईल असा मार्ग शोधला, तर तो बहुधा सापडतो.